समुद्रातील विषारी जीव व आपण

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या माणसाला समुद्र काही परका नाही. अंधेरी-बोरिवलीकडच्या लोकांना जुहू, वर्सोवा, आक्सा, मनोरी, गोराई हे किनारे जवळचेच आहेत. ८ जून २०१४ रोजी घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो सुरू झाल्यापासून घाटकोपर-मुलुंडच्या मंडळींनाही रविवारी संध्याकाळी मुलाबाळांसह वाळूवर जाणे सोपे झाले आहे. आपण तेथे जातो, चपला हातात घेतो, पँट गुडघ्यापर्यंत दुमडतो आणि पाण्यात उभे राहतो. खोल पाण्याची भीती आपल्याला ठाऊक असते आणि मुलांनाही आपण त्याबद्दल दटावतो. परंतु जेथे बुडण्याचा प्रश्नच नाही अशा घोटाभर पाण्यातही माणसाला कायमची आठवण राहील अशी इजा होऊ शकते, हे मात्र आपल्या गावीही नसते.

दोन घटनांची येथे आठवण करून देणे अगत्याचे आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या गणपतींचे विसर्जन चालू असताना पाण्यात उतरलेल्या पन्नासहून अधिक लोकांच्या पायांना पाकट माशांचे काटे लागले व त्यांना उपचारासाठी इस्पितळांत न्यावे लागले. त्यानंतर ऑगस्ट २०१८ मध्ये जुहू किनाऱ्यावर निळ्या रंगाचे जेलीफिशसारखे जीव मोठ्या संख्येने वाहून आले आणि सुमारे दीडशे जणांना त्यांचा दंश झाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. गोव्यातही नोव्हेंबर २०२० मध्ये दोन दिवसांत नव्वदहून अधिक पर्यटकांवर जीवरक्षकांना प्रथमोपचार करावे लागले होते.

आम्ही प्राणिशास्त्राचे अभ्यासक नव्हे. बँकेत खर्डेघाशी करणारे, कलाशाखेचे साधे पदवीधर. तरीही हा विषय निवडला, कारण या जीवांपासून होणाऱ्या त्रासातला बराचसा भाग त्यांच्या विषाचा नसून आपल्या चुकीच्या उपचारांचा असतो, असे वाचनातून आमचे ठाम मत झाले आहे. दंश झाल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत भोवतालचे लोक काय करतात यावर पुढचे पुष्कळसे अवलंबून असते.

प्रथम एका शब्दाची उकल करू. मराठीत आपण सापालाही विषारी म्हणतो आणि धोतऱ्यालाही. पहिला चावला तर विष चढते, दुसरा पोटात गेला तर. समुद्रातही असे दोन प्रकार आहेत. कोळ्यांच्या जाळ्यात येणारा केंड मासा फुगवला की चेंडूसारखा दिसतो आणि पोरांना त्याची मोठी गंमत वाटते. तो कोणाला दंश करीत नाही. पण केंडांच्या अनेक जातींचे यकृत, अंडाशय व कातडी यांत टेट्रोडोटॉक्सिन नावाचे जहर असते. ते शिजवल्याने जात नाही आणि त्यावर उतारा अजून निघालेला नाही. म्हणून किनाऱ्यावर फुकट पडलेला केंड उचलून कालवण करण्याच्या फंदात कोणी पडू नये. या लेखात मात्र आपण काट्याने, दाताने किंवा स्पर्शाने शरीरात विष सोडणाऱ्या जीवांचाच विचार करणार आहोत.

जुहूवर आलेल्या त्या निळ्या जीवाचे नाव ब्ल्यू बॉटल. लोक त्याला जेलीफिश म्हणतात, पण शास्त्रज्ञांच्या मते तो खरा जेलीफिश नव्हे. इतकेच काय, तो एक प्राणीही नव्हे! अनेक लहान जीव एकमेकांना जोडून तयार झालेली ती एक वसाहत आहे. त्यात श्रमविभागणी इतकी पक्की की काही जीव फक्त भक्ष्य पकडतात, काही फक्त ते पचवतात, काही प्रजोत्पादन करतात आणि एक जण वायूने भरलेला फुगा बनून सर्वांना तरंगत ठेवतो. पाण्याच्या वर दिसणारी निळी बाटली ती हीच. तिला पोहता येत नाही. फुग्यावरील शिडासारख्या कडेवर वारा बसेल तिकडे ती जाते. नैर्ऋत्य मोसमी वारे समुद्राकडून आपल्या किनाऱ्याकडे वाहतात, त्यामुळे पावसाळ्यात, विशेषतः ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, या बाटल्या मुंबईच्या वाळूवर येऊन पडतात. त्यांच्याबरोबर ब्ल्यू बटन नावाचा रुपयाच्या नाण्याएवढा गोल निळा जीवही येतो. त्याचा त्रास तुलनेने सौम्य असतो, एवढे सांगून त्याला आपण सोडून देऊ.

बाटलीच्या खाली निळे धागे लोंबत असतात. खरा धोका या धाग्यांत. प्रत्येक धाग्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या हजारो दंशपेशी असतात. प्रत्येक पेशीत एक सूक्ष्म कुपी आणि कुपीत गुंडाळून ठेवलेली, टोकाला अणकुचीदार असलेली पोकळ नळी. स्पर्श होताच कुपी फुटते, नळी बाहेर उसळून कातडीत घुसते आणि तिच्यातून विष आत जाते. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत घडते. या पेशींना कोणाच्या आज्ञेची गरज लागत नाही. म्हणूनच वाळूवर मरून पडलेल्या, अर्धवट वाळलेल्या बाटलीचे धागेसुद्धा दंश करतात. मुले नेमकी हीच निळी फुगेवजा वस्तू उचलायला धावतात.

आता आपल्याकडे काय होते ते पाहा. पायावर चाबूक ओढावा तसे लाल वळ उठतात, आग होते, मूल रडू लागते. कोणी पाय वाळूने खसाखसा घासतो, कोणी पिण्याच्या पाण्याची बाटली वर ओततो, कोणी चुना लावतो आणि एखादा अनुभवी म्हणवणारा गृहस्थ लघवी करण्याचा सल्ला देतो. कातडीला चिकटलेल्या धाग्यांवर अजून न फुटलेल्या असंख्य कुप्या असतात हे यांतल्या कोणालाच ठाऊक नसते. घासल्याने त्या दाबल्या जाऊन फुटतात. गोडे पाणी पडले की क्षारांचे प्रमाण एकाएकी बदलून त्या फुटतात. लघवीचेही तेच; तो उपाय नुसता घाणेरडा नाही, निरुपयोगी आहे. म्हणजे दंश समुद्राने एकदा केला आणि उपचार करणाऱ्यांनी तो दहा वेळा केला, असा प्रकार होतो.

योग्य रीत अशी. माणसाला पाण्याबाहेर आणून बसवावे. दंशाच्या जागी समुद्राचेच पाणी भरपूर ओतावे. राहिलेले धागे चिमट्याने किंवा हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून हलकेच उचलावेत. त्यानंतर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटे बुडवून ठेवावा. व्हिनेगरविषयी विद्यार्थी विचारतील. ऑस्ट्रेलियात पेटी जेलीफिश म्हणून एक फार घातक जीव आहे, त्याच्या न फुटलेल्या कुप्या व्हिनेगरने निकामी होतात आणि तेथे ते वापरतात. ब्ल्यू बॉटलच्या बाबतीत मात्र तज्ज्ञांत मतभेद आहेत. आमच्या मते आपण समुद्राचे पाणी व नंतर गरम पाणी यांवरच भर द्यावा. दोन्ही फुकट मिळतात.

या निळ्या बाटलीने वैद्यकशास्त्राला एक मोठी देणगी दिली आहे, ती गोष्ट विद्यार्थ्यांनी जरूर लक्षात ठेवावी. १९०१ साली मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांच्या संशोधन-नौकेवर शार्ल रिशे व पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ या जीवाच्या विषाचा अभ्यास करीत होते. फ्रान्सला परतल्यावर ब्ल्यू बॉटल मिळेनात, म्हणून त्यांनी त्याच कुळाशी नाते असलेल्या समुद्रफुलाचे विष घेऊन कुत्र्यांवर प्रयोग चालू ठेवले. थोडे थोडे विष टोचले तर कुत्र्याला त्याची सवय होऊन संरक्षण मिळेल अशी त्यांची अपेक्षा. झाले उलटेच. पहिला डोस पचवलेल्या कुत्र्याला काही आठवड्यांनी अगदी थोडा दुसरा डोस दिला, तर तो काही मिनिटांत धापा टाकू लागला आणि लवकरच मेला. संरक्षणाच्या नेमक्या उलट असणाऱ्या या प्रकाराला त्यांनी १९०२ साली अ‍ॅनाफिलॅक्सिस असे नाव दिले. आज पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने किंवा मधमाशीच्या दंशाने एखाद्याला जी जीवघेणी अ‍ॅलर्जी होते, ती हीच. रिशे यांना या कार्यासाठी १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यातून आपण घ्यायचे ते इतकेच की, "मला मागच्या वर्षी पण चावलं होतं, काही झालं नाही," असे म्हणणाऱ्याला यंदा घरी सोडून देऊ नये. श्वास लागणे, ओठ-चेहरा सुजणे, छातीत दुखणे, भोवळ येणे यांपैकी काहीही दिसले तर गरम पाण्याच्या नादी न लागता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

आता पाकट. गोधडीसारखे चपटे अंग आणि चाबकासारखी शेपटी असा हा मासा बाजारात आपण पाहिलेला असतो, पुष्कळांनी खाल्लेलाही असतो. तो भित्रा आहे. दिवसा उथळ पाण्यात वाळू अंगावर ओढून निवांत पडून राहतो. त्याच्या पाठीवर आपला पाय पडला की तो शेपटी उसळवतो आणि तिच्यावरचा काटा घोट्यात किंवा पावलात घुसतो. हा काटा करवतीसारखा असून त्याचे दाते उलटे असतात, त्यामुळे आत जाताना जेवढे फाटते त्याहून बाहेर येताना अधिक फाटते. काट्यावर पातळ कातड्याचे आवरण असते व विष त्याच्या पेशींत असते. कधी काट्याचा तुकडा मोडून आतच राहतो. वेदना अशी की धडधाकट माणूस वाळूत लोळतो. ४ सप्टेंबर २००६ रोजी ऑस्ट्रेलियाचे प्रसिद्ध प्राणिप्रेमी स्टीव्ह अर्विन यांचा मृत्यू पाकटाचा काटा छातीत घुसल्याने झाला, हे अनेकांना ठाऊक असेल. पण असे मृत्यू अत्यंत विरळ आहेत. आपल्याकडचा प्रश्न पायाचा आहे.

आणि पाय कोणाचे, हाही प्रश्न आहे. विसर्जनाच्या दिवशी सर्वसाधारण भाविक गुडघाभर पाण्यातून परत फिरतो. मूर्ती डोक्यावर घेऊन छातीभर पाण्यात शिरणारी मुले बहुधा जवळपासच्या वस्त्यांमधली, अनवाणी, अर्ध्या चड्डीवर. दिवसभरात ती कित्येक खेपा करतात. हजारो पायांनी पाणी गढूळ झालेले, तळ दिसत नाही. पायात काटा शिरून जखम चिघळली तर हमाली, गवंडीकाम, फेरी यांवर पोट असणाऱ्या घराचे काय होते ते आपल्या सभासदांना वेगळे सांगायला नको. महानगरपालिकेनेही अलीकडच्या वर्षांत गणेशोत्सवाच्या सुमारास स्टिंग रे, म्हणजे हाच पाकट, आणि ब्ल्यू जेलीफिश यांच्याबद्दल सूचना काढून, उघड्या अंगाने पाण्यात उतरू नये, गमबूट वापरावेत असे सांगितले आहे. सूचना चांगली आहे. पण गमबूट विकत घेणार कोण, हे ज्या त्या मंडळाने वर्गणी काढतानाच ठरवलेले बरे.

गमबूट नसतील तर निदान चालण्याची पद्धत बदलावी. पाण्यात पाय उचलून टाकू नये. पावले तळावरून घासत, वाळू ढवळत पुढे सरकावे. पाकटाला कंप जाणवतो आणि तो आपणहून निघून जातो. काटा लागलाच तर रक्त थांबवण्यासाठी स्वच्छ कपड्याने दाब द्यावा, घोट्यावर दोरी आवळून बांधू नये आणि पाय गरम पाण्यात ठेवावा. पाकटाचे विष प्रथिनांचे बनलेले आहे. उष्णतेने अंड्याचा बलक जसा बदलतो तशी ही प्रथिने बदलतात आणि निकामी होतात. केंडाच्या विषाच्या अगदी उलट. अर्धा ते दीड तास पाय गरम पाण्यात ठेवला तर वेदना पुष्कळ उतरते. त्यानंतर मात्र डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे, कारण आत तुकडा राहिला आहे का ते एक्स-रे काढून पाहावे लागते आणि धनुर्वाताचे इंजेक्शनही घ्यावे लागते. काटा छातीत, पोटात किंवा मानेत घुसलेला असेल तर तो कोणीही उपटू नये. आहे तसा ठेवून इस्पितळ गाठावे.

पाकटाइतकी प्रसिद्धी न मिळालेला पण रोजच्या व्यवहारात अधिक लोकांना त्रास देणारा मासा म्हणजे शिंगाळा. याच्या पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांशी एकेक असे तीन ताठ काटे असतात. तेही करवती व विषारी. आमच्या काउंटरवर वर्सोव्याकडच्या एक मासळीवाल्या मावशी पैसे भरायला येत. एकदा अंगठ्याचा ठसा घ्यायचा तर अंगठा भोपळ्यासारखा सुजलेला. "मावशी, काय झालं हो?" असे विचारले तर म्हणाल्या, "शिंगाळ्यानं मारलं, साहेब. मेला होता, तरी मारलं." शेवटी डाव्या अंगठ्यावर काम भागवले. मेलेल्या माशाच्या काट्यावरही विष शिल्लक असते, हे त्या मावशींनी दोन वाक्यांत सांगितले आणि पुढे पुस्तकांतही आम्हाला तेच सापडले. जाळी उपसणारे, बर्फात मासळी निवडणारे, बाजारात कापून देणारे अशा साऱ्यांनाच हा धोका आहे. उपचार पाकटाप्रमाणेच: गरम पाणी, जखम स्वच्छ धुणे, धनुर्वाताचे इंजेक्शन. बाजारातून आख्खा शिंगाळा घरी आणणाऱ्या गृहिणींनी काटे तेथेच छाटून घ्यावेत.

समुद्रसर्पांविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण येथे गरम पाणी चालत नाही. हे साप हवेवर जगतात, श्वास घ्यायला वर येतात, पण त्यांची शेपटी वल्ह्यासारखी चपटी झालेली असते. वाम आणि समुद्रसर्प यांत गफलत होते, म्हणून शेपटी आधी पाहावी. चोचीसारखे तोंड असलेला एक समुद्रसर्प मालवणपासून मुंबईपर्यंत कोळ्यांच्या जाळ्यांत सापडतो, आणि कधी एखादा वाळूवरही येऊन पडतो. त्यांचे विष जहाल असले तरी ते सहसा चावत नाहीत. चावतात ते जाळ्यातून हाताने सोडवताना. धोक्याची गोष्ट अशी की दंश फारसा दुखत नाही. माणूस कामाला लागतो. काही तासांनी अंग मोडून येते, हालचाल केली की स्नायू ठणकतात, जबडा आखडतो, लघवी काळपट तांबडी होते. स्नायू विरघळून त्यांतला रंगद्रव्याचा भाग मूत्रपिंडात उतरल्याचे ते लक्षण असते.

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव आपल्याला ठाऊक आहे. तेथे घोड्यांना अल्प प्रमाणात सर्पविष टोचून त्यांच्या रक्तापासून प्रतिविष तयार करण्याचे काम अनेक दशके चालले व त्याने असंख्य शेतकऱ्यांचे प्राण वाचवले. पण आपल्या देशात सर्वत्र मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या जमिनीवरील चार सापांच्या विषांपासून बनवलेले असते. समुद्रसर्पाचे विष त्यात नसते. समुद्रसर्पावरचे प्रतिविष ऑस्ट्रेलियात बनते. म्हणजे आपल्या कोळी बांधवाला वाचवायचे तर श्वासोच्छ्वासाचे यंत्र आणि डायलिसिस असलेले मोठे इस्पितळ हाच मार्ग उरतो. एवढा मोठा किनारा असलेल्या देशाने याचा विचार करायला हवा, असे आम्हाला वाटते. तोपर्यंत चावलेला हात किंवा पाय न हलवता लाकडाच्या पट्टीला बांधून, माणसाला आडवे निजवून, वेळ न घालवता न्यावे. कापणे, चोखणे, मांत्रिक यांत अर्धा तास गेला तर तो परत मिळत नाही.

शंकूच्या आकाराच्या काही शंखांतही विषारी बाण असतो. मुलांना एवढेच सांगावे की रिकामा शंख खुशाल उचला, आत जीव असलेला मुठीत किंवा खिशात ठेवू नका.

इस्पितळात गेल्यावर "समुद्रात काहीतरी चावलं" एवढ्यावर थांबू नये. पाण्यात होता की वाळूवर, वळ उठले की भोक पडले, किती वाजता लागले, काय काय लावले, हे सांगावे. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, तेव्हा त्या जीवाचा फोटो काढून दाखवता येतो. त्याला हातात घेऊन जाऊ नये. जुहू-वर्सोव्याहून विलेपार्ल्याचे कूपर, गोराई-मनोरीकडून कांदिवलीचे शताब्दी म्हणजेच भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय ही सरकारी दराची इस्पितळे जवळ पडतात.

किनाऱ्यावर गरम पाणी कोठून आणायचे, असे कोणी विचारील. चहाच्या टपरीवरून! एक भाग उकळते पाणी आणि तीन भाग साधे पाणी बादलीत मिसळले की सुमारे पंचेचाळीस अंशांचे पाणी तयार होते व तेवढेच लागते. मात्र काटा लागलेल्या माणसाला वेदनेमुळे चटका कळत नाही, म्हणून आधी दुसऱ्या कोणीतरी त्या पाण्यात आपला कोपर बुडवून पाहावा. पाणी निवू लागले की थोडे थोडे उकळते पाणी आणखी घालावे, आणि ते घालताना पाय बादलीबाहेर काढावा.